पोस्टरवरची शिडी

“महिना. फार तर दीड. त्याच्यापुढं ती दोघं टिकत नाहीत,” हेडबाई म्हणाली आणि सायकल स्टँडच्या कठड्यावर जाऊन बसली.

पंक्चरचं डोकं सटकलं. तिसऱ्यांदा सिनेमा दाखवला होता तिला. तिसऱ्यांदा तेच.

पंक्चर हे काही त्याचं खरं नाव नाही. गणिताच्या सरांशी भांडून त्यानं नववीत शाळा सोडली आणि टायरच्या दुकानात लागला, म्हणून हिनंच ठेवलेलं. तीसुद्धा काही खरीखुरी हेडबाई नाही. सतरा वर्षांची आहे. पण ती बोलायला लागली की आपल्याला बाकावर उभं केलंय असं वाटतं.

सोमवारी ती मावशीकडं दुसऱ्या शहरात जाणार होती. नर्सिंगचा कोर्स, दोन वर्षं. तिचं म्हणणं, आत्ताच हसतखेळत संपवून टाकू, नंतर फोनवर रडारड नको. त्याचं म्हणणं, दोन वर्षं म्हणजे काय, साधा टायर त्याहून जास्त चालतो. हे ऐकून ती इतकी हसली की त्याला पुढचं काही सुचेना. म्हणून त्यानं सिनेमा पकडला.

सिनेमातही तेच. शाळेतली दोघं. पोरगी परगावी निघते, बसमध्ये खिडकीपाशी बसते. पोरगा बसबरोबर पळतो, काचेवर हात ठेवतो. ती आतून हात ठेवते. गाणं सुरू होतं, अर्ध्यातच तुटतं आणि दिवे लागतात. बस्स. कुणाची नावंबिवंसुद्धा येत नाहीत. बाहेर पडणारा प्रत्येक जण म्हणायचा, काय शेवट केलाय, काळजात घुसतो.

“म्हणजे टिकलीच ना,” पंक्चर म्हणाला. “काढला का त्यानं हात?”

“नाही काढला तर खांबावर आपटेल.”

मग त्यानं पोस्टर दाखवलं. त्यात ती दोघं एकाच शिडीवर चढून भिंतीला निळा रंग देत होती आणि तिच्या नाकाला रंग लागला होता. हे बघ, तो म्हणाला, घरसुद्धा झालं त्यांचं.

हेडबाईनं विचारलं, तीनदा बघितलास, कुठं दिसली ही शिडी? पोस्टरवाले काहीही चिकटवतात. हे मात्र त्याला मान्य करावं लागलं. मागच्या सिनेमाच्या पोस्टरवर वाघ होता आणि आत साधी मांजरसुद्धा नव्हती.

सायकल स्टँडवाला बिल्ले गोळा करता करता कुरकुरला, की बोर्डावर खेळ सहाला सुटणार लिहितात आणि रोज आधीच सगळे त्याच्या अंगावर येऊन पडतात. त्याचं ते रोजचंच होतं. कुणी लक्ष दिलं नाही.

“असं करू,” हेडबाई म्हणाली. “आपल्यापेक्षा जास्त वेळा ज्यानं बघितलाय त्याला विचारू.”

असा एकच माणूस होता. ऑपरेटरकाका. तीन आठवडे ते वर केबिनमध्ये बसून भोकातून हाच सिनेमा बघत होते.

“ते म्हणतील ते फायनल,” ती म्हणाली. “मागाहून किरकिर नाही.”

“तू पण नाही.”

“नाही.”

त्यांनी हातात हात घेऊन ठरवलं. तिचा तळवा घामानं ओला झाला होता. त्याच्या ते लक्षात आलं. ती भलतीकडंच बघत होती.

तेवढ्यात लोखंडी जिना धडधडला. काका केबिनला कुलूप लावून दोन-दोन पायऱ्या उतरत होते. काखेत डबा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केस नुकतेच ओले करून विंचरलेले. ह्या वयात एवढी घाई कसली, असं कुणालाही वाटलं असतं.

पंक्चर आडवा आला. “काका, एकच सांगा. बस गेल्यावर पुढं ती दोघं टिकतात का नाही?”

काकांनी घड्याळ बघितलं. “मला काय माहीत? पुढचं मी कुठं बघितलंय.”

“पुढचं म्हणजे?” हेडबाई कठड्यावरून खाली उतरली.

“अजून चांगली पंचवीस मिनिटं आहेत की. ती पोस्टरवरची शिडी त्यातच असणार. पडद्यावर बस निघाली की मी बंद करून टाकतो. माझी पावणेसहाची असते.”

पंक्चरचं तोंड उघडंच राहिलं. हेडबाईचं राहिलं नाही. एका बससाठी तुम्ही रोज एवढ्या लोकांचा सिनेमा कापता, तिनं सुनावलं, नंतरची बस काय धावत नाही का?

“धावते की. सव्वासहाची. रिकामी असते बिचारी.” काका तिला वळसा घालून रस्त्याला लागलेसुद्धा. “पण आमची ही मागच्या थांब्यावर चढते आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून बसते. आठवीत होतो तेव्हापासून माझ्या जागेसाठी लोकांशी भांडतेय. सोडा, निघू दे मला.”