बीटा

जमिला फाटकाशी आली, पण कुमुदने कडी काढली नाही.

"झोपलेत ते," ती म्हणाली. "पहाटेपासून खोकत होते."

खोकत होते हे खरं होतं. झोपले मात्र नव्हते. गुरुदत्त सर आतल्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून, उशांना टेकून बसले होते. दर रविवारी दहा वाजता बसत तसे. त्यांची दाढी सकाळी कुमुदनेच करून दिली होती.

जमिलाने हातातले झेरॉक्स कागद फाटकावरून पुढे केले. "हे सरांना द्याल का, काकू? नवीन रिसर्च पेपर आलाय, त्यांनी मागितला होता. मी मग स्टँडवरच जाते. लवकरची दादर गाडी मिळेल."

ती वळली आणि भराभर चालू लागली. आळीच्या टोकापर्यंत एकदाही न थांबता. कुमुदने ते पाहिलं आणि तिला त्या चालण्याचाही राग आला.

सरांनी पनवेलच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. जमिला त्यांची विद्यार्थिनी. मोहल्ल्यातून एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी, आता मुंबईच्या एका प्रयोगशाळेत फुफ्फुसांतल्या पेशींवर संशोधन करत होती. दीड वर्षापूर्वी सरांच्या फुफ्फुसांत वण धरू लागले. का, ते कुठल्याच डॉक्टरला सांगता आलं नाही. औषधांनी काही फरक पडला नाही. तेव्हापासून ही मुलगी दर रविवारी यायची आणि सरांच्या छातीत काय चाललंय, ते सरांना समजावून सांगायची.

सोमवार ते शनिवार सर आपल्या बायकोशी, कुमुदशी, खुणांनी बोलत. पाणी हवं असलं की अंगठा. पंखा हवा असला की बोट फिरवायचं. श्वास जपायला हवा, हे तिला पटत होतं. पण आठवडाभर जपलेला तो श्वास रविवारी त्या मुलीवर खर्च व्हायचा. प्रश्न, उत्तरं, मध्येच हसणं. स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. मागच्या रविवारी तर त्यांनी तिला 'बेटा' म्हटलं. दोनदा. तव्यावरची पोळी करपली तरी कुमुद तशीच उभी होती. या घरात तो शब्द कुणाला म्हणायची वेळच आली नव्हती.

ती आत आली. सरांनी भुवई उंचावली. कोण होतं?

"कुणी नाही."

त्यांची नजर तिच्या हातातल्या कागदांवर गेली. कुमुद पलंगाजवळच्या खुर्चीत बसली. जमिलाच्या.

"आज मला सांगा."

सर तिच्याकडे पाहत राहिले.

"का? मला कळणार नाही? ऑक्सिजनच्या सिलिंडरवाल्याच्या मागे मी धावायचं, तुमचं अंग मी पुसायचं, आणि बोलायचं मात्र तिच्याशी. बेटा बेटा करून!"

"बेटा?"

सरांच्या कपाळावर आठी पडली. मग ती विरली आणि त्यांना हसू आलं. हसण्याचा खोकला झाला. कुमुद उठून त्यांची पाठ चोळत राहिली. बऱ्याच वेळाने खोकला थांबला तेव्हा त्यांनी तिच्याकडून कागद घेतले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"बीटा," ते म्हणाले. "टीजीएफ-बीटा. रेणूचं नाव. जखम झाली की... तो निरोप देतो. मग पेशी... जखम भरून काढतात."

त्यांनी डोळे मिटले. गळ्याखालचा खळगा आत ओढला गेला, सुटला, पुन्हा ओढला गेला.

"माझ्यात निरोप... थांबतच नाही. जखम नाही... तरी भरतायत."

"पुरे," कुमुद म्हणाली. पण तिच्याच्याने राहवलं नाही. "हे एवढं मला का नाही सांगितलंत? दीड वर्षं?"

सरांनी आधी दोन श्वास घेतले.

"तिच्याशी बोलताना... तो धडा असतो. तुला सांगितलं... की तो माझा आजार होतो."

कुमुदने त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली. पाण्याचा पेला हाताशी ठेवला. मग पायात चपला सरकवून ती निघाली.

दादरची गाडी लागलेली होती. जमिला रांगेत होती, तिच्यापुढे चार माणसं.

"चल," कुमुद म्हणाली. तिला धाप लागली होती. "ते वाट बघतायत."

"पण मघाशी तर..."

"मघाशी मी खोटं बोलले."

जमिलाने तिच्याकडे पाहिलं. मग पिशवी खांद्यावर घेऊन ती रांगेतून बाहेर आली.

त्या दिवशी कुमुद स्वयंपाकघरात गेली नाही. स्टूल ओढून ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली. जमिला कागदाच्या पाठीवर चित्र काढू लागली. आधी हवेचे छोटे छोटे फुगे. फुग्यांच्या मधल्या भिंतींत लांबट पेशी. मग त्या पेशींनी विणलेले धागे, एकावर एक, इतके की फुगे चेपून गेले. सर मधूनमधून एखादा शब्द टाकत. कुमुद चित्राकडे पाहत होती.

"पण मला सांग," ती एकदम म्हणाली, "या पेशींना आता पुरे, थांबा, असं म्हणणारं आत कुणीच नसतं का गं?"

जमिलाचा हात थांबला.

सरांनी मान वळवली. ते कुमुदकडे पाहत राहिले, बाकावर तीस वर्षं गप्प बसलेल्या कुणीतरी आज हात वर केला असावा तसे.

"चांगला," ते म्हणाले. श्वास घेतला. "चांगला प्रश्न आहे."

आणि मग दोघंही उत्तरासाठी जमिलाकडे पाहू लागले. "तेच तर शोधतोय आम्ही, काकू," ती म्हणाली आणि तिने पेनाला टोपण लावलं.