हात न दाखवता

एसटी चालवताना भास्कर कुणीही हात दाखवला की गाडी थांबवायचा, थांबा असो वा नसो. उभा जन्म स्टिअरिंगमागे बसून गेला. जेवण अवेळी, झोप अर्धवट. निवृत्त होताच हृदयाचं ऑपरेशन झालं. “रोज चाला, नाहीतर पुन्हा इथेच याल,” डॉक्टर म्हणाले. पण पावस गावच्या रस्त्यावर तो चालू लागला की मागून कुणा जुन्या प्रवाशाच्या गाडीचा हॉर्न वाजायचा. “दादा, बसा, सोडतो.” आजाराचं सांगायला लाज वाटायची, म्हणून मुकाट बसायचा. आज थांबलेल्या रिक्षात सखू होती. पूर्वी तिच्या माशांच्या पाटीसाठी तो गाडी थोपवून धरायचा. “काय वो दादा, चालताव कशाला? बसा.” तिच्यापासून मात्र त्याला लपवावंसं वाटेना. “चालायलाच सांगितलंय, सखू. हार्टचं ऑपरेशन झालंय माझं.” सखू उतरली. रिक्षा पुढे पाठवून म्हणाली, “चला, आजपासून मी तुमची कंडक्टर. जो थांबेल त्याला म्हणते, जा पुढं, डबल बेल.”