वस्तादांच्या हातचं

"बाबांनी 'केलं' म्हटलं, तरी एकदा आपल्या डोळ्यांनी बघत जा," असं नवऱ्याने सांगितलं, तेव्हा तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! ट्रकची वाट लावली याने, आणि लक्ष ठेवायचं ते बाबांवर?

तो दिवस आठवला की तिच्या अंगावर अजून काटा यायचा. उभी चढण, मागे माल, केबिनमध्ये ती आणि तिच्या मांडीवर दहा महिन्यांची चिमणी. इंजिन नुसतंच ओरडत राहिलं, करपल्याचा वास सुटला आणि ट्रक पुढे जायचा सोडून मागे घरंगळायला लागला. नवऱ्याने हँडब्रेक ओढून तो कसाबसा कठड्याला टेकवला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा जळून त्यांचा कोळसा झाला होता.

"महिना नाही झाला मी हा गिअरबॉक्स बांधून!" सासरे सगळ्या वर्कशॉपसमोर गरजले. "भार किती टाकला होतास रे?"

"चुकलं, बाबा. जास्त झाला," एवढंच नवरा म्हणाला.

सासऱ्यांना सगळे वस्ताद म्हणत. चाळीस वर्षं गिअरबॉक्स उघडण्यात गेली होती. वस्तादांच्या हातचं काम डोळे झाकून घ्यावं, अशी ख्याती. त्या दिवसापासून तिने मनाशी ठरवून टाकलं, की चिमणीला नवऱ्याच्या हातात द्यायचं नाही. ज्याला ट्रक सांभाळता येत नाही, तो लेकरू काय सांभाळणार! ती मुलांची शिकवणी घ्यायला बसली की चिमणी आजोबांकडे. तिचा जीव एवढ्याशा लेकरात अडकलेला, पण आजोबांकडे दिलं की ती निर्धास्त व्हायची.

घरामागच्या शेडमध्ये आठवडाभर गिअरबॉक्स पोट उघडून पडला होता. बापलेक त्याच्यावर वाकलेले असत आणि सासऱ्यांचे टोमणे थेट स्वयंपाकघरापर्यंत येत.

"नवी प्लेट आधी तेलात भिजवायची. कोरडी बसवली तर पहिल्याच चढणीला जळते. कपाळावर लिहून ठेव!"

"हो, बाबा."

"माझ्या भिजवून झाल्यात. तू बोटं घालू नकोस. तुझा हात लागला की लोखंडालाही ताप येतो."

तिला मनातून बरंच वाटायचं. कुणीतरी सुनावतंय तरी!

आज दुपारी गिअरबॉक्स बांधून झाला. सासरे हात धुऊन आत आले आणि त्यांनी चिमणीला उचललं. "चला म्हातारबाई, आता तुमचं सर्व्हिसिंग." चिमणी खिदळली. तिच्या आईने आजोबांच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि नवऱ्याला जेवायला बोलवायला शेडकडे गेली.

नवरा तोच गिअरबॉक्स पुन्हा खोलत होता.

"हे काय चाललंय? बाबांनी आत्ता बांधलाय ना तो?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? एकदा जाळून पोट भरलं नाही वाटतं! आम्हाला दरीत घालूनच थांबणार आहेस का?"

आतली एक प्लेट काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवली. "बोट फिरव."

तिने फिरवलं. तेलाचा थेंब नव्हता. प्लेट कोरडी ठणठणीत होती.

"आता तो तेलाचा कॅन बघ."

कॅनचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं.

"पण बाबा तर म्हणाले, भिजवल्या..."

"त्यांना खरंच तसं वाटतंय. खोटं नाही बोलत ते. मनात आलं की त्यांच्या लेखी काम झालेलं असतं."

तिने प्लेटवरून पुन्हा बोट फिरवलं. "आणि गेल्या महिन्यात?"

"जळलेल्या प्लेटा बघून संशय आला होता. आज खात्री झाली."

"मग 'चुकलं' कशाला म्हणालास?"

"अख्ख्या वर्कशॉपसमोर काय सांगू? वस्ताद विसरायला लागलेत म्हणून? मरेपर्यंत मान वर केली नसती त्यांनी." त्याने चिंध्यांना हात पुसले आणि तिच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं. "चिमणी कुठंय?"

"बाबांकडे. आंघोळ घालताहेत."

"पाणी?"

"गॅसवरून उकळतं उतरवलं होतं. गार पाण्याचं विसण घातलंय म्हणाले."

त्याच्या हातातल्या चिंध्या खाली पडल्या. शेडपासून न्हाणीघरापर्यंत अख्खं अंगण आहे, आणि तिचे पाय जागचे हलत नाहीत. वाचता वाचता तुम्ही त्या दाराजवळ पोचला असाल, तर तिची वाट बघू नका. आत जा, चिमणीला बघा.