शाईखालची पेन्सिल

त्या काळी नवरा डोंगरदऱ्या मोजून पेन्सिलीनं नकाशा काढायचा आणि कचेरीत बायको तो शाईनं गिरवायची. "यांची भांडणंसुद्धा रेघेवरूनच!" लोक चेष्टा करायचे. या खेपेला कड्यावरून त्याचा पाय घसरला. दरी पालथी घातली, पण फळीला टाचलेला कागद तेवढा मिळाला, माणूस नाही. शेवटच्या टेकडीची रेघ अर्ध्यातच थांबली होती. तिनं तिथवर शाईनं गिरवलं. साहेब चाचरत म्हणाले, "वहिनी, शाई वाळली. खालची पेन्सिल खोडायला हवी. मी खोडू?" "नको. त्यांची रेघ दुसऱ्या कुणी खोडलेली त्यांना खपायची नाही." तिनं खोडरबर फिरवला. एरवी ती चुरा फुंकून टाकायची. आज श्वास रोखून तिनं काळ्या चुऱ्याचा कणन्‌कण रुमालात गोळा केला. गाठ मारत म्हणाली, "साहेब, त्यांचं एवढंच तर हाती लागलंय."