ऑर्गनच्या पोटात

सभागृहात नवी पाटी लागली होती: ‘आपल्या ऑर्गनचा इतिहास’. बनवणारी कंपनी, देणगीदार, उद्घाटक आणि आता दुरुस्तीचा खर्च उचलणारे माजी विद्यार्थी.

“मधली तीस वर्षं?” तिने विचारलं.

“अहो, तेव्हा काही घडलंच नाही,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “ऑर्गन वाजत होता, बस.”

“आपोआप वाजत नव्हता, बाई. बिघडला की बाबाच उघडायचे, बाबाच जोडायचे.”

“सरांसारखे संगीतशिक्षक पुन्हा मिळायचे नाहीत. पण पाटीवर कुणाकुणाला घालायचं? उद्या शिपाईही नाव मागेल.” त्यांनी घड्याळ पाहिलं आणि त्या निघाल्या.

भिंतभर नळ्यांच्या त्या ऑर्गनची मागची फळी काढून कारागीर आत शिरला होता. बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते.

“ताई, सरांनी भात्याला हे काय ठिगळ लावलंय? बक्कल आहे याला!”

“माझं दप्तर आहे ते. तिसरीतलं.”

“चामडं मात्र चिवट निघालं हो.”

ती हसली नाही. बाबांना जाऊन जेमतेम महिना झाला होता.

कारागीर हात झटकत बाहेर आला. “पाटीचं काय घेऊन बसलात? आमच्यात दुरुस्ती करणारा आत, लाकडावर पेन्सिलीने नाव टाकून ठेवतो. इथे चौघांची आहेत.”

“बाबांचं?”

“तेच शोधतोय सकाळपासून. नाही.”

रडू यायला हवं होतं. आला तो संताप. ‘शाळेची वस्तू खराब करायची नाही.’ बाबांचाच आवाज. कुणी बघणार नाही, तिथेसुद्धा नाही! “इतकं कसं हो माणसाने...”

कारागिराने कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. “शेवटच्या नावाखाली जागा आहे. लिहा तुम्हीच.”

चपला काढून ती वाकून आत शिरली. सरसाचा आणि जुन्या चामड्याचा वास. बॅटरीच्या उजेडात चार नावं. पेन्सिल लाकडाला टेकली आणि थांबली.

“सापडली का जागा?” त्याने बाहेरून विचारलं.

“हो. नुसतं नावच लिहायचं?”

“नाव, आणि काय काय दुरुस्त केलं ते.”



“मग तुम्ही जेवून या,” ती म्हणाली.