यात नवीन काय?

माझा प्रबंध तिसऱ्यांदा परत आला. गाइड मॅडमनी पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलं होतं, "यात नवीन काय?"

माझं डोकंच फिरलं. कारखान्यामागच्या त्या वस्तीत दोन वर्षं चपला झिजवल्या, घरटी एक दमेकरी मोजला, आणि यांना नवीन हवंय! तरी मुकाट्याने प्रश्नावली उचलली आणि पुन्हा वस्तीतल्या मावशींच्या दारात जाऊन बसले.

मी तोंड उघडायच्या आत मावशींनी उत्तरं सुरू केली. "खोली एक, माणसं सात, खिडकी नाही. मला दमा, मुलाला दमा. लिहिलंस?"

"मावशी, प्रश्न तरी विचारू द्या!"

"तुम्ही सगळ्या तेच तर विचारता गं." त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. आजवरच्या प्रत्येक सर्वेक्षणाच्या संमतीपत्राची प्रत त्यात जपून ठेवली होती. सगळ्यात तळाच्या, पिवळ्या पडलेल्या कागदावर सही होती आमच्या मॅडमची. खाली लिहिलं होतं, 'संशोधक विद्यार्थिनी'.

"ही पोर फार गुणी होती. पास झाली का गं?"

"झाली. आता तीच मला पास करत नाहीये. म्हणते, यात नवीन काहीच नाही."

मावशींचा चेहरा उतरला. जरा वेळ विचार करून त्या आत गेल्या आणि तीन वर्षांच्या नातीला आणून त्यांनी माझ्या मांडीवर बसवलं.

"हिची छाती ऐक. परवापासून घरघरायला लागलीय. हे नवीन आहे बघ. लिही."