चित्रातली सवत

या, जरा जवळ सरकून बसा. इवलीशी गोष्ट आहे, पण मन लावून ऐका.

एक चितारी तरुणपणी पाहिलेल्या एकाच नामांकित चित्राच्या नकला जन्मभर काढून विकायचा. प्रत्येक नकलेत विहिरीपाशी एक नकटी बाई हसत उभी असायची.

बायको फणकारायची, “पुन्हा हीच? जीव जडलाय वाटतं तुमचा!”

“अगं, मूळ चित्रातच आहे ती. मी काय करू?”

तो वारल्यावर त्याची म्हातारी बायको ही सवत बघायला संग्रहालयात गेली. चित्रात विहीर होती. विहिरीपाशी कुणीच नव्हतं.

तिचे डोळे वाहू लागले.

पहारेकरी म्हणाला, “आजी, या चित्रापुढे सगळेच रडतात.”

म्हातारीचा हात हळूच आपल्या बसक्या नाकावर गेला.

देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या खोटारड्या चिताऱ्याचीही आठवण काढा.